आधीं विकास कीं आधीं कायदा?

“आधीं राजकीय कीं आधीं सामाजिक” हा वाद महाराष्ट्रांत एका काळीं किती हिरिरीनें खेळला गेला, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. टिळक आणि आगरकर ह्यांच्यासारखे दोन जिवलग मित्र ज्या प्रश्नांवरून एकमेकांपासून दुरावले, त्यांत हाहि एक होता. तो वाद आतां इतिहासजमा झाला. पण त्याची घडण मात्र अजून जिवंत आहे. “आधीं विकास कीं आधीं कायदा” ह्या नव्या वेषांत ती आज घरोघरीं भेटते. चांगलीं शिकलेलीं, सद्हेतूनें बोलणारीं माणसें आम्हांस सांगतात कीं, मागासलेल्या मुलखांत प्रथम रस्ते, खाणी आणि कारखाने येऊं द्यावेत, लोकांच्या हातांत पैसा खेळूं द्यावा. कायद्याच्या बारीकसारीक अटी मागाहून पाहतां येतील. उपाशी माणसाला हक्काचा कागद काय करावयाचा आहे, असा त्यांचा प्रश्न असतो. हें मत इतकें सर्वत्र पसरलें आहे आणि वरवर इतकें शहाणपणाचें वाटतें कीं, त्याचें परीक्षण करणें आम्ही अवश्य समजतों. त्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. आपल्याच महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जंगलांचे जिल्हे आहेत. तेथें गेल्या पिढींत जें घडलें, तें ह्या मताची उत्तम कसोटी आहे.

परीक्षणापूर्वीं दोन शब्दांचा अर्थ नक्की केला पाहिजे. ‘कायद्याचें राज्य’ म्हटलें कीं, आपल्यापैकीं पुष्कळांच्या डोळ्यांसमोर पोलीस-चौकी, बंदोबस्त आणि शिस्त हीं उभीं राहतात. तें सुव्यवस्थेचें चित्र झालें. आणि सुव्यवस्था जुलमी राजवटींतहि उत्तम असूं शकते. डायसी ह्या इंग्रज कायदेपंडितानें १८८५ सालच्या आपल्या ग्रंथांत ह्या शब्दाला जो अर्थ दिला, त्याचा गाभा निराळा आहे. सरकारी अधिकारी हाहि सामान्य नागरिकाप्रमाणेंच कायद्यानें बांधलेला असला पाहिजे, आणि त्याच्या कृत्याचा जाब साध्या न्यायालयांत विचारतां आला पाहिजे, असें तो म्हणतो. म्हणजे प्रजा कायदा पाळते कीं नाहीं, एवढीच ही कसोटी नव्हे. कायदा चालविणारा तो पाळतो कीं नाहीं, ही खरी कसोटी. ‘विकास’ ह्या शब्दाचेंहि तसेंच आहे. उत्पन्नाचा आंकडा वाढणें हा त्याचा एक भाग. परंतु आपल्या आयुष्याविषयीं निवड करण्याची माणसाची शक्ति वाढणें हा त्याचा आत्मा होय, असें अमर्त्य सेन ह्यांनीं १९९९ सालच्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें आहे. तो अर्थ आम्हांस मान्य आहे.

जगांतील अर्थशास्त्रज्ञांत ह्या प्रश्नावर दोन पक्ष आहेत. एका पक्षाचें म्हणणें, मालमत्तेचा हक्क सुरक्षित आणि करार पाळला जाण्याची खात्री असल्यावांचून कोणीहि कष्ट आणि भांडवल गुंतवीत नाहीं; म्हणून समृद्धीचें मूळ कायद्यांत आणि संस्थांत आहे. डग्लस नॉर्थ ह्यांस १९९३ सालीं आणि असेमोग्लू, जॉन्सन व रॉबिन्सन ह्या त्रयीस २०२४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तें ह्याच विचारपरंपरेसाठीं. दुसरा पक्ष दक्षिण कोरियाकडे बोट दाखवितो. तेथें लष्करी अंमलाखालीं कारखाने उभे राहिले आणि लोकसत्ता १९८७ नंतर आली. दोन्ही पक्षांचे पुरावे वजनदार आहेत. पण दोघांचीहि नजर राष्ट्राच्या सरासरीवर असते, आणि सरासरींत गांव दिसत नाहीं. पाश्चात्य अर्थशास्त्राचे सिद्धांत आपल्या परिस्थितीस जसेच्या तसे लावूं नयेत, असा इशारा न्यायमूर्ति रानडे ह्यांनीं १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील व्याख्यानांत दिला होता. तो ध्यानांत ठेवून आपण जंगलाकडे वळूं.

पूर्वींच्या विस्तीर्ण चांदा जिल्ह्याचा पूर्वभाग २६ ऑगस्ट १९८२ रोजीं वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. पश्चिमेस वैनगंगा आणि प्राणहिता, दक्षिणेकडे गोदावरी व इंद्रावती अशा नद्यांनीं वेढलेल्या ह्या जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखालीं आहे. सागवान, बांबू, तेंदू, मोह, हिरडा, डिंक ह्यांनीं हा मुलूख समृद्ध आहे. त्याच्या डोंगरांच्या पोटांत लोखंड आहे, आणि शेजारच्या चंद्रपुरांत दगडी कोळसा. तरीहि महाराष्ट्रांतील अतिदरिद्री जिल्ह्यांची नांवें घेतांना गडचिरोलीचें नांव अग्रभागीं येतें. संपत्तीच्या राशीवर बसलेला मनुष्य दरिद्री कां, ह्या प्रश्नाचें उत्तर देणें विकासवाद्यांस प्राप्त आहे. “तेथें कायदा पोहोंचलाच नव्हता” असें उत्तर कोणी देईल, तर तें साफ चूक ठरेल. तेथें कायदा इतका पोहोंचला होता कीं, घराला लागणाऱ्या आढ्याच्या लांकडापासून टोपलीच्या कामटीपर्यंत प्रत्येक वस्तु कोणत्या ना कोणत्या कलमाखालीं येत होती.

जंगलाचे कायदे १८६५ आणि १८७८ सालीं झाले आणि शेवटीं १९२७ सालीं आजचा भारतीय वन अधिनियम आला. ह्या खात्यानें शेतकऱ्याच्या गुरांचा चारा आणि घरचें सरपण कसें तोडलें, ह्याबद्दलचा महात्मा फुले ह्यांचा संताप ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या १८८३ सालच्या ग्रंथांत वाचावयास मिळतो. पुण्याच्या सार्वजनिक सभेनेंहि त्या काळीं ह्या कायद्याविरुद्ध गाऱ्हाणीं मांडलीं होतीं. १९३० सालीं लोकनायक बापूजी अणे ह्यांनीं पुसद येथें गवत कापून जंगल-सत्याग्रह केला, तोहि ह्याच कायद्याविरुद्ध. आश्चर्य असें कीं, ज्या कायद्याचा भंग करणें हें देशभक्तीचें कृत्य मानलें गेलें, तोच कायदा स्वराज्य आल्यावर जसाच्या तसा चालू राहिला. बदलला तो फक्त टोपीवरचा बिल्ला. चांदा जिल्ह्यांतील जमीनदाऱ्या १९५१ सालीं खालसा झाल्या. जमीनदारींत रयतेला घरखर्चापुरतें लांकूड, बांबू आणि चराई घेण्याची मुभा असे. तिला तिकडे ‘निस्तार’ म्हणतात. जमीनदार गेला, हें चांगलेंच झालें. पण त्याच्या जागीं गांव आलें नाहीं, खातें आलें. निस्तार हा हक्क न राहतां मेहेरबानी झाली.

ह्या सर्व कारभाराचें सार पाहावयाचें असेल, तर एकट्या बांबूकडे पाहावें. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें बांबू हें गवत आहे. परंतु १९२७ च्या अधिनियमांत ‘वृक्ष’ शब्दाच्या व्याख्येंत बांबूचा समावेश केला होता. व्याख्येंतील ह्या एका शब्दामुळें बांबू इमारती लांकडाच्या पंक्तीस जाऊन बसला. तो तोडण्यास आणि वाहून नेण्यास खात्याचा परवाना लागूं लागला. पिढ्यान्‌पिढ्या सुपें, टोपल्या आणि तट्टे विणणारा बुरुड आपल्याच धंद्याच्या मालासाठीं खात्याच्या दारीं उभा राहिला. दुसरीकडे त्याच जंगलांतील बांबू बल्लारपूरच्या कागद-गिरणीस दीर्घ मुदतीच्या करारानें, सरकारनें ठरविलेल्या दरानें मिळत राहिला. आम्ही गिरणीस दोष देत नाहीं. जो करार सरकारनें दिला, तो तिनें घेतला. तिनें हजारों माणसांस काम दिलें आणि आमच्या मुलांच्या वह्यांस कागद दिला. पण विकासाच्या कैवाऱ्यांनीं एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कारखाना आधीं आणि कायदा मागाहून ह्या त्यांच्या योजनेचा प्रयोग येथें होऊन चुकला आहे. कारखाना आला, अनेक दशकें चालला. आणि ज्या रानांतून त्याचा बांबू आला, त्या रानांतील गांवें होतीं तेथेंच राहिलीं. ज्याची वस्तु, त्याचा तीवर हक्क कायद्यानें मानला नाहीं, तर वस्तूच्या किंमतीपैकीं त्याच्या वांट्यास केवळ तोडणीची मजुरी येते, मग कारखाना कितीहि मोठा असो.

आतां दुसरा प्रयोग पाहूं. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मेंढा (लेखा) हें सुमारें शंभर घरांचें गोंडांचें गांव आहे. ऐंशीच्या दशकांत इंद्रावती व गोदावरीवरील नियोजित धरणांविरुद्ध जी चळवळ झाली, तिच्यांत ह्या गांवाचे डोळे उघडले. देवाजी तोफा हे गांवचे कार्यकर्ते आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे बाहेरून आलेले सहकारी, ह्यांच्या साह्यानें गांवानें अभ्यास-गट चालविले, बहुमतानें नव्हे तर सर्वसंमतीनें निर्णय घेण्याची रीति घातली आणि “दिल्ली-मुंबईत आमचें सरकार, आमच्या गांवांत आम्हीच सरकार” अशी घोषणा केली. नव्वदीच्या दशकांत गिरणीसाठीं होणाऱ्या बांबू-तोडीस त्यानें हरकत घेतली. ह्या गांवाची कथा मिलिंद बोकील ह्यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ ह्या पुस्तकामुळें मराठी वाचकांस परिचित आहे. ती येथें पुन्हां सांगण्याचें प्रयोजन नाहीं. आम्हांस पाहावयाचें आहे तें त्या कथेंतील एक विशिष्ट अंतर.

२००६ सालच्या डिसेंबरांत संसदेनें वनहक्क कायदा केला. कायद्यांच्या ग्रंथांत सुंदर वाक्यें क्वचित् आढळतात. पण ह्या कायद्याच्या उद्देशिकेंत वनवासी लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला असल्याची कबुली राज्यसंस्थेनें स्वतःच्या तोंडानें दिली आहे, आणि अशी कबुली हीच एक दुर्मिळ गोष्ट होय. कायद्यानें गांवाचा सामूहिक वनहक्क मान्य केला. गौण वनोपजाची मालकी त्यांत आली, आणि त्या उपजांत बांबूचें नांव स्पष्ट अक्षरांत घातलें गेलें. २००९ सालीं मेंढ्याला सुमारें १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्काचा लेख मिळाला. देशांत असा लेख मिळविणाऱ्या अगदीं पहिल्या गांवांपैकीं तें एक. येथें सरळ विचार करणाऱ्या माणसास वाटेल कीं, आतां गोष्ट संपली. गांवानें बांबू तोडावा, विकावा आणि सुखी व्हावें.

पण बांबू जंगलांतून रस्त्यावर आणावयाचा, तर वाहतूक-परवाना पाहिजे. तिकडे त्यास ‘टीपी’ म्हणतात. तो देण्याचा अधिकार वनखात्याकडे होता आणि तो देण्यास खातें तयार नव्हतें. नवा कायदा बांबूस गौण उपज म्हणतो, पण जुना कायदा त्यास वृक्ष म्हणतो, असा हा पेंच होता. नवा कायदा संसदेचा, जुना कायदा परक्या सरकारचा. पण चालत होता तो जुना. गांवाच्या हातीं मालकीचा लेख होता, पण माल विकतां येत नव्हता. २१ मार्च २०११ रोजीं तेव्हांचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश ह्यांनीं सर्व मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून बांबू हा गौण वनोपज मानण्यास सांगितलें. आणि २७ एप्रिल २०११ रोजीं ते स्वतः, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण ह्यांसह, मेंढ्यास आले आणि त्यांनीं परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं दिलें. त्यानंतर गांवानें बांबू विकला. लक्षावधि रुपये गांवच्या खात्यांत आले, मजुरी गांवानें गांवांतच वांटली, ग्रामसभेनें आयकर खात्याचा पॅन क्रमांकहि घेतला. जो गांवकरी काल बांबू नेतांना गुन्हेगार ठरला असता, तो आज कर भरणारा विक्रेता झाला. नवा रस्ता झाला नव्हता, नवा कारखाना निघाला नव्हता, नवें बी कोणी पेरलें नव्हतें. बदलला तो केवळ परवान्यावर सही करणारा हात.

ह्या प्रसंगाचें सर्वत्र कौतुक झालें, आणि तें योग्यच झालें. पण टीकाकाराचें काम टाळ्या वाजवून संपत नाहीं. आमच्या मतें तो समारंभ जितका आनंदाचा, तितकाच विचार करावयास लावणारा आहे. संसदेनें कायदा केला होता. राज्यानें लेख दिला होता. तरीहि एका पुस्तकासाठीं गांवाला दोन वर्षें थांबावें लागलें, आणि तें देण्यासाठीं एका केंद्रीय मंत्र्यास व एका मुख्यमंत्र्यास जंगलांत यावें लागलें. जेथें कायद्याचें राज्य असतें, तेथें हक्क बजावण्यासाठीं मंत्री लागत नाहीं, कारकून पुरतो. हक्क समारंभपूर्वक दिला जातो, तेव्हां तो देणाऱ्याच्या मनांत आणि कधींकधीं घेणाऱ्याच्याहि मनांत देणगीचें रूप धारण करतो. मेंढ्यापाशीं देवाजी तोफा होते, अभ्यास करणारें गांव होतें, वर्तमानपत्रांचें लक्ष होतें. ज्या गांवापाशीं ह्यांपैकीं कांहींच नाहीं, त्याच्या हक्काचें काय होतें, हा खरा प्रश्न आहे. आणि कायद्याच्या राज्याचें माप त्या निनांवी गांवांत घ्यावें लागतें. सुदैवानें गोष्ट तेथें थांबली नाहीं. सप्टेंबर २०१२ मध्यें नियम दुरुस्त होऊन वाहतूक-परवाना देण्याचें काम ग्रामसभेच्या समितीकडे आलें. २०१७ सालीं, प्रथम अध्यादेशानें, ‘वृक्ष’ शब्दाच्या व्याख्येंतून बांबू वगळण्यांत आला. गवताला गवत म्हणावयास राज्यसंस्थेला नव्वद वर्षें लागलीं! पुढें गडचिरोली जिल्ह्यांत सामूहिक वनहक्क मिळालेल्या गांवांची संख्या हजारावर गेली. मंत्र्याच्या भेटीपेक्षां नियमाची ही दुरुस्ती आम्ही अधिक महत्त्वाची मानतों, कारण भेट एका गांवाची असते आणि नियम सर्वांचा.

“असे हक्क हातीं आले कीं लोक जंगलाचा फडशा पाडतील” हा आक्षेप नेहमीं घेतला जातो. त्यास चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यांतील पाचगांवनें उत्तर दिलें आहे. ह्या गांवाला २०१२ सालीं सुमारें १,००० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. बांबूच्या विक्रीवर त्यानें आपलें अर्थकारण उभारलें. पण तेंदूपानाचा धंदा मात्र बंद केला. तेंदूचीं पानें चांगलीं यावींत म्हणून झुडपें छाटावीं लागतात आणि रानाला आगी लावल्या जातात. त्यानें जंगलाची हानि होते, असें गांवाचें मत पडलें. हातीं येणारा पैसा गरीब गांवानें विचारपूर्वक नाकारला! ह्या नकारांत आम्हांस विकासाची मोठी खूण दिसते. कारण मिळेल तें पत्करणें ही दरिद्र्याची अगतिकता, आणि हें घेऊं, तें घेणार नाहीं असें म्हणतां येणें हें मालकाचें लक्षण. एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या विदुषीनें १९९० सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें होतें कीं, सामाईक मालमत्ता वापरणाऱ्यांनीं स्वतः नियम केले आणि बाहेरच्या सत्तेनें ते करण्याचा त्यांचा अधिकार मानला, तर अशी मालमत्ता दीर्घकाळ टिकूं शकते. मेंढ्याला हक्काचा लेख मिळाला, त्याच २००९ सालीं ह्या बाईंना नोबेल पारितोषिक मिळावें, हा योगायोग मनोरम आहे. मालमत्तेचा हक्क म्हणजे एकेकट्याच्या नांवाचा सातबारा, एवढेंच समजणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांस ह्या दोन गांवांनीं रानड्यांच्या इशाऱ्याची आठवण करून दिली आहे.

तथापि एकांगी स्तुति करून आम्ही वाचकांची फसवणूक करणार नाहीं. हक्क मिळाला म्हणजे सर्व मिळालें, असें नाहीं. ग्रामसभा तेंदूपानाचे लिलाव स्वतः करूं लागल्या. २०१७ सालच्या हंगामांत भाव कधीं नव्हे इतके चढले. पुढच्या वर्षीं ते कोसळले. कांहीं ठेकेदारांनीं पानें उचललीं आणि ग्रामसभांच्या रकमा थकविल्या. आतां गांवानें काय करावें? करार आहे, सही आहे, माल गेला आहे. पण पैसे वसूल करावयाचे, तर तालुक्याच्या नाहींतर जिल्ह्याच्या ठिकाणीं जाऊन वकील देणें आणि तारखांमागून तारखा मोजणें एवढाच मार्ग. खात्याचा लिलाव असता, तर वसुलीची सारी यंत्रणा खात्यामागें उभी राहिली असती. ग्रामसभेमागें कोणी नाहीं. नॉर्थ ह्यांच्या पक्षाचें म्हणणें येथें अक्षरशः खरें ठरतें: मालकी हें कायद्याचें अर्धें अंग, आणि करार पाळावयास लावणारें न्यायालय हें दुसरें. आम्हीं एक अंग दिलें आणि दुसरें देण्याचें विसरलों. हिशेब ठेवण्याचें शिक्षण, पंच नेमण्याची सोय आणि लवकर निकाल देणारें न्यायासन हीं जोंवर धानोरा, कोरची, एटापल्लीच्या माणसाच्या आवाक्यांत येत नाहींत, तोंवर कायद्याचें राज्य त्या गांवांच्या वेशीपर्यंतच आलें आहे, असें म्हणावें लागेल.

ही उणीव किती महाग पडते, हें ह्या मुलखानें रक्तानें लिहून ठेवलें आहे. ऐंशीच्या दशकांत नक्षलवादी येथें आले, तेव्हां त्यांनीं प्रथम हात घातला तो तेंदूपानाच्या आणि बांबू-तोडीच्या मजुरीला. मजुरी बुडविणाऱ्या ठेकेदाराविरुद्ध दाद मागण्यास जागा नव्हती. ती जागा बंदुकीनें घेतली. पण बंदुकीपाशीं कलम नसतें, अपील नसतें आणि साक्षीपुरावाहि नसतो. खबऱ्या असल्याच्या नुसत्या संशयानें कित्येक गरीब गांवकरी मारले गेले. १ मे २०१९ रोजीं, महाराष्ट्र-दिनींच, कुरखेडा तालुक्यांत जांभूळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटांत १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक ठार झाला. आतां तो हिंसाचार पुष्कळ ओसरला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्यें भूपति ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ज्येष्ठ नेत्यानें सुमारें साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलींत शस्त्रें खालीं ठेवलीं. ह्या शांततेनें आम्हांस समाधान वाटतें. पण बंदूक ज्या रिकाम्या जागेंत शिरली होती, ती जागा कशानें भरली जाणार, हें ठरवावयाची वेळहि हीच आहे.

ती केवळ खाणींनीं आणि कारखान्यांनीं भरेल, असें विकासवादी म्हणतात आणि एटापल्ली तालुक्यांतील सुरजागडचें उदाहरण देतात. तेथील डोंगरांत उत्तम लोखंड आहे. सुमारें ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा २००७ सालीं एका कंपनीस मिळाला. खोदकाम २०१६ मध्यें सुरूं झालें, त्याच वर्षाच्या डिसेंबरांत नक्षलवाद्यांनीं ऐंशीच्या आसपास वाहनें जाळलीं, आणि २०२१ पासून काम पुन्हां जोरानें चालू झालें. चामोर्शी तालुक्यांत कोनसरी येथें पोलादाचा उद्योग उभा राहत आहे. तरुणांस नोकऱ्या मिळत आहेत. लोखंडाशीं आमचें वैर नाहीं, आणि ज्याच्या घरांत पहिल्यांदाच महिन्याचा पगार येऊं लागला, त्याच्या आनंदास नांवें ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पण तोच डोंगर परिसरांतील माडियांच्या ठाकुरदेवाचें स्थान आहे. तेथें दर वर्षीं यात्रा भरते, आणि कित्येक ग्रामसभांनीं खाणीविरुद्ध ठराव केले आहेत. वनजमीन दुसऱ्या कामीं देण्यापूर्वीं ग्रामसभेची संमति असावी, असें केंद्र सरकारनेंच ३ ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकानें सांगितलें होतें. ओरिसांतील नियमगिरीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १८ एप्रिल २०१३ रोजीं ग्रामसभांचें मत विचारावयास लावलें, आणि बाराहि ग्रामसभांनीं खाण नाकारली. उलट २०२२ सालच्या नव्या वन-नियमांनीं ह्या संमतीचा प्रश्न केंद्राच्या मंजुरीनंतर राज्यांनीं पाहण्याचा करून टाकला. मंजुरीनंतर विचारलेल्या संमतीला काय अर्थ उरतो, हें सुज्ञ वाचकांनींच ठरवावें. बांबूच्या बाबतींत ज्या ग्रामसभेला आपण मालक म्हटलें, तिचें मत लोखंडाच्या बाबतींत अडथळा ठरतें, हा प्रकार कायद्याच्या राज्यांत बसत नाहीं. स्वस्त मालापुरता मान्य होणारा हक्क हा हक्क नव्हे, ती सवलत.

विकासवाद्यांच्या मतांत एक सत्य आहे आणि तें आम्ही नाकारीत नाहीं. आर्थिक विषमता अशीच राहिली, तर राजकीय समतेची इमारत ढासळेल, असा इशारा डॉ. आंबेडकरांनीं २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटना-समितींत दिला होता. पोट रिकामें ठेवून कायदा टिकत नाहीं, हें खरेंच. परंतु त्यावरून आधीं पैसा आणि मागाहून कायदा, असा क्रम निघत नाहीं. बांबूचा अनुभव उलट सांगतो. तेथें पैसा अडला होता तो कायद्यामुळें नव्हे, तर कायदा चालविणाऱ्यांवर तो चालत नव्हता म्हणून. तो अडसर दूर होतांच, त्याच मातींत, त्याच माणसांनीं, त्याच बांबूवर विकासाचा आरंभ केला. आधीं आणि नंतर हा वाद म्हणूनच आम्हांस पोकळ वाटतो. बलवानाला बांधणारा कायदा हा विकासाच्या मागून यावयाचा अलंकार नाहीं. दुर्बलाच्या घरीं येणाऱ्या विकासाचा तो पहिला हप्ता आहे.

आणि हा प्रश्न दूरच्या रानांतल्या लोकांचा, असें समजून आपण स्वस्थ बसूं नये. आमच्या पिढीनें अक्षरें गिरविलीं तीं ज्या कागदावर, त्यांतील पुष्कळसा कागद ह्याच बांबूचा होता. तो स्वस्त होता. पण त्या स्वस्ताईचा फरक कोणी भरला, हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं. मेंढ्याच्या ग्रामसभेच्या परवाना-पुस्तकांत प्रत्येक पानाचा अर्धा तुकडा फाडून मालाबरोबर जातो आणि अर्धा गांवांत राहतो. शहरांत राहणाऱ्या आपण सर्वांनीं त्या गांवांत राहणाऱ्या अर्ध्या तुकड्याचा विचार करावयास शिकणें, एवढें तरी आमच्या हातीं आहे.